बीज, भूमी आणि स्टीफन पॅजेट

स्तनाचा कर्करोग जीवघेणा ठरतो तो बहुधा स्तनातील गाठीमुळे नव्हे, तर तेथून निसटून हाडे, यकृत, फुप्फुसे किंवा मेंदू यांत रुजणाऱ्या पेशींमुळे. या पेशी कोठे रुजतात आणि एकीच्या शरीरात रुजतात तर दुसरीच्या का नाही, याचे उत्तर आज जनुकांत शोधले जात आहे. परंतु ‘जनुक’ ही संज्ञाही अस्तित्वात नव्हती, त्या काळी हा प्रश्न नेमकेपणाने मांडला तो स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने.

पॅजेट यांचा जन्म १८५५ चा. व्हिक्टोरिया राणीचे शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांचे ते धाकटे चिरंजीव. ऑक्सफर्ड येथे आणि लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण घेऊन त्यांनी पित्याचाच व्यवसाय पत्करला. कर्करोगाच्या पेशी रक्तप्रवाहाबरोबर वाहत जातात आणि जेथे अडकतात तेथे वाढतात, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. पॅजेट यांनी तर्काऐवजी नोंदवह्यांचा आधार घेतला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृतात रोग पसरल्याची उदाहरणे २४१ निघाली; प्लीहेत मात्र अवघी १७. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळते. केवळ योगायोगाचा खेळ असता, तर एवढी तफावत पडती ना. वाऱ्यावर उधळलेले बी सर्वत्र पडते, परंतु रुजते ते मानवणाऱ्या भूमीतच, हा निष्कर्ष त्यांनी १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

या विचाराचा त्यांच्या हयातीत फारसा गौरव झाला नाही. ते स्वतःही पुढे लेखनाकडे आणि सार्वजनिक कार्याकडे वळले. वैद्यकीय संशोधनासाठी प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाहीत, यावर तेव्हा इंग्लंडमध्ये तीव्र वाद होता. अशा प्रयोगांच्या समर्थनार्थ १९०८ साली त्यांनी रिसर्च डिफेन्स सोसायटी स्थापन केली. १९२६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतरही प्रसार रक्तवाहिन्यांच्या रचनेवरच अवलंबून असतो, हे मत दीर्घकाळ प्रबळ राहिले.

अखेर त्यांच्या पक्षाने साक्ष दिली ती प्रयोगशाळेतील उंदरांनी. १९८० साली आयझाया फिडलर व त्यांचे सहकारी इयन हार्ट यांनी उंदरांच्या शरीरात अन्यत्र फुप्फुसाच्या व मूत्रपिंडाच्या ऊतींचे रोपण केले. त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुसाच्या ऊतीत रुजल्या, मूत्रपिंडाच्या ऊतीत नाहीत. १९९८ साली केंट हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. स्तनात गाठ उत्पन्न करणारे एकच जनुक त्यांनी निरनिराळ्या वाणांच्या उंदरांच्या संततीत उतरविले. गाठीचे कारण एकच. तथापि फुप्फुसांतील प्रसार वाणावाणांत बराच भिन्न आढळला. रोगाच्या प्रसारावर जन्मजात आनुवंशिक घडणीचाही प्रभाव असतो, हे यातून सूचित झाले. बीजही सर्वत्र सारखे नसते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ साली गाठीतील ७० जनुकांच्या क्रियाशीलतेवरून रोग दूरवर पसरण्याचा धोका अजमावण्याची रीत मांडली.

जनुकांचा प्रभाव मान्य केला म्हणजे सारे विधिलिखित ठरते, असा समज होण्याचा संभव आहे. पॅजेट यांची शिकवण नेमकी याच्या उलट आहे. बीज एकट्याने काही करू शकत नसेल, तर भूमीवर उपाय करता येतो. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये हाडांतील प्रसार काही अंशी घटतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले. हा भूमीवरचाच उपाय होय.

या साऱ्याचा उगम झाला तो जुन्या नोंदवह्यांत, हे विसरता कामा नये. रुग्णाच्या मृत्यूनंतर कोणा अनाम लेखनिकाने वा वैद्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या ओळी नसत्या, तर पॅजेट यांच्या बुद्धीला मोजण्यासारखे काही उरले नसते. ज्या समाजाला आपल्या रुग्णांचे रोग उद्या कळावेत असे वाटते, त्याने आजची नोंद कंटाळवाणी मानून चालणार नाही.