एक डॉलर, दहा वर्षे : पंडिता रमाबाईंची झोळी

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ज्यांचे स्मरण करावे अशा थोर मराठी व्यक्ती पुष्कळ आहेत. त्यांतून आम्ही पंडिता रमाबाईंना निवडले, ते एका विशेष कारणासाठी. गणेशोत्सवापूर्वी पावतीपुस्तक घेऊन दिल्लीच्या सरकारी वसाहतींचे जिने चढलेल्या आपल्या मंडळींना वर्गणी म्हणजे काय, हे सांगावयास नको. परंतु दूरदेशीच्या अनोळखी माणसांच्या लहानशा वर्गणीवर केवढे कार्य उभे राहू शकते, आणि त्या वर्गणीबरोबर कोणते बंधन येते, हे रमाबाईंच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि मातेने ती विद्या कन्येस दिली. पुराणे सांगत, तीर्थे हिंडत हे कुटुंब जगत असे. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचे छत्र हरपले. उपासमार काय असते हे रमाबाईंनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या व तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी ही विधवा विदुषी पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून प्रवासखर्चाची तरतूद केली आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्राला हा धक्का मोठा होता. पुढील सर्व प्रसंग समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि थोड्या दिवसांचा तो मुक्काम वर्षांवर लांबला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले व त्याच्या विक्रीचे पैसे कार्यासाठी ठेवले गेले. गावोगाव व्याख्याने देत त्या फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेचा भार दहा वर्षे उचलण्याचे त्याने ठरविले. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ या नावाने लहान मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी वर्षाला एक डॉलर, याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले.

या योजनेतील व्यवहारचातुर्य पाहावे. एखाद्या धनिकाची मोठी देणगी आज मिळते, उद्या त्याची मर्जी फिरली की आटते. शेकडो घरांतून येणारा एकेक डॉलर सहसा एकदम बंद होत नाही. शिवाय मुदत ठरलेली असल्याने देणाऱ्यालाही ओझे वाटत नाही.

मात्र या पैशाबरोबर एक अटही आली. शाळेत धर्मप्रसार व्हावयाचा नाही, मुलींच्या धर्माचरणात हात घालावयाचा नाही, असे असोसिएशनचे धोरण होते. याच भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेल्या आणि पुढल्या वर्षी पुण्यास नेलेल्या शारदासदनाला न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांचा पाठिंबा लाभला. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून विख्यात झाल्या.

पण रमाबाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. मुली स्वेच्छेने येतात, मी दार का लावावे, असा रमाबाईंचा पक्ष होता. गुरूपदी असलेल्या व्यक्तीच्या उघड्या दाराचेही कोवळ्या मनाला आमंत्रणच असते, असा विरोधकांचा. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनकरांनी मात्र मदत थांबविली नाही. आम्हांस वाटते, दोन्ही पक्षांना आपापल्या जागी सत्याचा अंश होता. परंतु परमुलखातील लोक पाठीशी राहिले आणि आपली माणसे दुरावली, हे दुःख रमाबाईंच्या वाट्यास आले ते आलेच.

दिल्लीकर वाचकांस जवळचा वाटेल असा प्रसंग याच काळातला. पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन मथुरा-वृंदावनास जातो. १८९५च्या सुमारास रमाबाई यात्रेकरूच्या वेषात तेथे गेल्या आणि अनाथ विधवांची दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर १८९६-९७चा दुष्काळ आला. स्वतःच्या बालपणीची उपासमार आठवून त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. इतक्या जणींचा भार वार्षिक वर्गणीत मावणारा नव्हता. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. येथे अटीचा प्रश्न उरला नव्हता.

दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि जुन्या संस्थेची नव्याने बांधणी झाली. पण मुक्तीसाठी त्यांची वाट निराळी होती. ब्रिस्टॉल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालविणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे वृत्त त्यांनी वाचले होते. ठरावीक वेतन किंवा हमी न मागता ईश्वराकडे मागावे आणि येईल त्यात चालवावे, असा त्यांचा निश्चय झाला. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ही श्रद्धा आळशी नव्हती. विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, तेलाचे घाणे, छापखाना यांवर मुली काम करू लागल्या. ‘मुक्ती प्रेअर बेल’ या इंग्रजी पत्रिकेतून दूरच्या स्नेह्यांना संस्थेची हकीकत कळे आणि प्रार्थनेची विनंती जाई. १९०५च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जिच्याजवळ द्यावयास पैसा नव्हता तिलाही देण्याजोगे काही आहे, हे त्या पोरक्या मुलींना तेथे उमगले. आमच्या मते रमाबाईंच्या झोळीची सर्वांत मोठी मिळकत हीच.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते मुक्तीतील स्त्रियांनीच छापले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

त्यांचा धर्म आपल्यापैकी बहुतेकांचा नव्हे आणि त्यांची सर्व मते पटावीत असा आमचा आग्रहही नाही. पण एक डॉलर देणाऱ्या त्या अमेरिकन गृहिणींनी शारदासदन कधी पाहिले नव्हते. तरी दहा वर्षे त्यांनी वचन पाळले. आपल्या मंडळाची पन्नास वर्षेही अशाच लहान वर्गण्यांवर पार पडली आहेत. पावती फाडताना घेणाऱ्याने शब्द दिलेला असतो आणि देणाऱ्याने विश्वास. रमाबाईंना या दोहोंचे मोल ठाऊक होते आणि त्यांच्यातील ताणही. सुवर्णमहोत्सवी वर्षात तेवढे जरी आपण ध्यानी घेतले, तरी हे स्मरण सार्थकी लागेल.