जोसेफ ब्रामा : पाण्याच्या दाबाला कामाला लावणारा सुतार

गॅरेजमधला जॅक अख्खी गाडी उचलतो, पण त्यासाठी दांडा कितीतरी वेळा खालीवर करावा लागतो. असं का, हे मुलांना सांगायचं असेल तर जोसेफ ब्रामाची गोष्ट सांगा.

ब्रामाचा जन्म १७४८ साली इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये शेतकरी कुटुंबात झाला. किशोरवयात पायाला दुखापत झाली आणि शेतीकाम सुटले. मग तो सुतारकाम शिकला, लंडनला गेला आणि १७८४ मध्ये त्याने आपल्या प्रसिद्ध कुलपाचे पेटंट घेतले.

१७९५ मध्ये त्याने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट मिळवले. त्यामागचे तत्त्व पास्कलचे : बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. समजा, लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौ.सेंमी आणि मोठ्याचे १० चौ.सेंमी आहे. मोठ्यावर दहापट बल मिळते. पण लहान दट्ट्या १० सेंमी दाबला की मोठा फक्त १ सेंमी वर येतो. म्हणजे फुकट काहीच मिळत नाही! बल वाढले की वेग घटतो. वेगही हवा असेल तर पंपाने दर सेकंदाला जास्त पाणी द्यायला हवे, म्हणजे पंप चालवणाऱ्याची ताकद वाढायला हवी.

मग दट्ट्या मोठा करत गेलं, दाब वाढवत गेलं की झालं का? नाही. ब्रामाची खरी अडचण इथेच होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचे. कडेला पक्के आवळले तर दट्ट्याच अडकायचा. यावर चामड्याचा दुमडलेल्या कडांचा वायसर हा उपाय सापडला. पाण्याचा दाबच त्याची कड दट्ट्यावर घट्ट बसवतो. दाब गेला की ती सैल होते. या युक्तीचे श्रेय सहसा ब्रामाचा कारागीर हेन्री मॉडस्ले याला देतात. पुढे पगारवाढ नाकारली गेल्यावर मॉडस्लेने १७९७ मध्ये ब्रामाचा कारखाना सोडला आणि स्वतः मोठा यंत्रनिर्माता झाला.

१८१४ मध्ये हॅम्पशायरच्या जंगलात आपल्या प्रेसने झाडे उपटण्याच्या कामावर देखरेख करताना ब्रामाला थंडी बाधली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला.

वर्गात एक लहान आणि एक मोठी सुईविरहित सिरिंज नळीने जोडा, पाणी भरा आणि मुलांना दोन्ही बाजूंनी दाबू द्या. किती जोर लागला आणि दट्ट्या किती सरकला, हे दोन्ही त्यांनाच वहीत लिहायला सांगा. नियम पाठ करून घ्यायची गरजच उरणार नाही.