अंकांचे कलावंत

सणाच्या दिवशी अंगणात रेखलेली रांगोळी पाहून आपली पावले क्षणभर थबकतात. ठिपके व रेषा साध्याच असतात. परंतु त्यांच्या जुळणीतून सौंदर्य प्रकट होते. अंकांच्या जुळणीतही असेच सौंदर्य असते, हे नाशिकजवळील देवळालीच्या एका शिक्षकाने जगास दाखवून दिले. ते शिक्षक म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडिलांना ज्योतिषाचा छंद होता. त्यामुळे मुलासही आकडेमोडीची गोडी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळाली येथे अध्यापन केले.

डोंबिवली स्थानकावर त्यांना काही संख्यांविषयी एक कल्पना सुचली. स्थानकाच्या त्या वेळच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. अंक पायरीपायरीने चढतात व तसेच उतरतात. जणू मंदिराचे शिखरच!

त्यांचा दुसरा शोध याहून नवलाचा आहे. ४३२१ ही संख्या घ्या. तिचे अंक उलट क्रमाने मांडून येणारी १२३४ ही लहान संख्या तीतून वजा करा. उत्तर ३०८७. आता याचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून पुन्हा वजाबाकी करा : ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा हीच क्रिया केली, तरी उत्तर ६१७४ च येते! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ती येथेच पोहोचते.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. परंतु कित्येक विद्वानांना हा केवळ पोरखेळ वाटला. कापरेकर मात्र खचले नाहीत. गायक जसा सुरांत रमतो, तसे ते अंकांत रमले. अखेर १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्यावर लेख लिहिला आणि त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली. १९८६ साली ते निवर्तले.

अंगणातील रांगोळी सायंकाळी पुसली जाते. कापरेकरांनी दाखविलेली अंकांची रांगोळी मात्र कधीच पुसली जाणार नाही. आपले जन्मवर्ष घेऊन तुम्हीही ती रेखून पाहा.