हजेरी बंद करणारा राजा

औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे मराठवाड्याला माहीत आहे. धरणाचे पाणी कालव्याने दूरवर जाते आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, ती माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईच्या वाटेला लागतात. या भागातील एका पारधी तरुणाची हकीकत आम्ही अलीकडेच ऐकली. शहरात तो सेंट्रिंगचे काम करीत होता. शेजारच्या सोसायटीत घरफोडी झाली. रात्री पोलीस आले, सगळ्या मजुरांना गाव आणि जात विचारली आणि याला तेवढे उचलून नेले. बोटांचे ठसे घेतले, दोन दिवस बसवून ठेवले, मग सोडून दिले. गुन्हा दाखल नाही, कागद नाही. प्रतिबंधक कारवाई, एवढेच त्याला सांगण्यात आले.

महानगरांत गुन्हे होतात, आमच्या आया-बहिणींना रात्री निर्भयपणे घरी येता आले पाहिजे, हे कोण नाकारील? गुन्हा घडल्यावर पंचनामा करीत बसण्यापेक्षा तो घडूच नये म्हणून झटणे केव्हाही चांगले. पण गुन्हा रोखायचा म्हणजे नेमके करायचे काय? शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका राजाने याचे उत्तर करून दाखविले. राजर्षी शाहू महाराजांना आरक्षणाचे जनक म्हणून आपण दरवर्षी हार घालतो. त्यांचे हे काम मात्र आपल्याच व्यासपीठांवरून फारसे सांगितले जात नाही.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभार त्यांच्या हाती आला. त्यानंतर दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली. उपाशी माणसाला काय काय करावे लागते, हे या राजाने फिरतीवर आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. वेदोक्त प्रकरणात भटशाहीने खुद्द छत्रपतींनाच शूद्र ठरविले, तेव्हा जन्मावरून माणसावर शिक्का मारणे म्हणजे काय असते, हेही त्यांना कळले. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा मागासवर्गीयांना देणारा आदेश सर्वांना माहीत आहे.

आता इंग्रजांकडे पाहा. १८२९ साली लंडन शहरात रॉबर्ट पील यांनी नवे पोलीस दल उभे केले. गुन्हा होण्याआधीच रोखणे हे त्या दलाचे पहिले काम ठरले आणि त्यासाठी शिपाई गल्लीबोळांतून गस्त घालू लागला. त्याच इंग्रजांनी १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. येथे गस्त नको, पुरावा नको! अख्खी जमातच रजिस्टरात चढवायची. मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार! १९११ साली या कायद्याचा अंमल सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात करण्यात आला. ज्या देशात मनूने कर्म जन्माला बांधून ठेवले होते, तेथे गोऱ्या साहेबाला हे सुचायला फार विचार करावा लागला नसणार.

कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरीचा जाच होता. गावकामगाराच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचे, आपण गावातच आहोत हे दाखवायचे. परगावी जायचे तर परवानगी. मग मजुरीला जायचे कधी? बाजार करायचा कधी? हजेरीने चोरी थांबत नव्हती, कष्ट करून पोट भरण्याची वाट तेवढी बंद होत होती. हे ओळखून महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. त्याच साली महार वतनाची वेठही त्यांनी मोडून काढली. कुलकर्णी वतने खालसा करून तलाठी नेमले आणि त्यांत अस्पृश्य मुलांना घेतले. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण तर १९१७ सालीच जाहीर झाले होते. ही कामे वेगवेगळ्या फायलींत गेली असतील, आम्हाला ती एकच वाटतात. हजेरी सुटलेल्या माणसाला जायला शाळा हवी, करायला काम हवे.

सर्वांत मोठे धाडस त्यांनी फासेपारध्यांच्या बाबतीत केले. रानोमाळ हिंडणारे, शिकारीत तरबेज, पण दिसले की काठी घेऊन हाकलायचे असे हे लोक. शिकारीचा नाद असलेल्या महाराजांनी त्यांना जवळ बोलावले, राहायला जागा दिली, कामाला लावले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सोनतळीच्या मुक्कामी पहाऱ्यावर त्यांनी फासेपारधीच ठेवले! गावोगाव ज्यांच्या भीतीने दारे लावली जात, त्यांच्या भरवशावर छत्रपती झोपत. आजच्या सुरक्षातज्ज्ञांना हा वेडेपणा वाटेल.

मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी तरुण बाबासाहेबांची ओळख अस्पृश्यांचे पुढारी म्हणून करून दिली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. त्यांनी १९१८ साली जे केले, त्याला देशाला आणखी ३४ वर्षे लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागच्या दाराने आलेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातवार कामांची विभागणी घटनाबाह्य ठरविली आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. म्हणजे २०२४ सालीही हे बजावावे लागले. शहरोशहरी कॅमेरे लागले, संगणक आले. पण संशय कोणावर घ्यायचा, हे त्या संगणकाला शिकविणार कोण आणि कोणत्या जुन्या रजिस्टरावरून?

तो मुलगा आता सिद्धेश्वरला परतला आहे. शहरात पुन्हा जावे तर मुकादम ठेवून घेईल की नाही, याची त्याला खात्री नाही. आपल्या बोटांचे ठसे अजून त्यांच्याकडेच आहेत का आणि ते परत मागता येतात का, एवढे त्याने आम्हाला विचारले. आम्ही एका वकील बांधवांकडे त्याचा अर्ज लिहावयास दिला आहे.