एका चिमणीमुळे देशाला ‘बर्डमॅन’ मिळाला : डॉ. सलीम अली

मुंबईतल्या एका शाळकरी मुलाने एअरगनने चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६. आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. पुढे म्युझियममधली नोकरी सुटली, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि पसंत पडलं तरच मादी त्यात राहते, हे त्यांनी तासन्‌तास बसून टिपलं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज देशभरात चिमण्या टिकून असल्या, तरी मोठ्या शहरांत त्या घटल्याचं २०२० च्या पक्षी-अहवालात दिसलं. काचेच्या इमारतींत घरट्याला फट उरत नाही. पिल्लांना दाण्यांपेक्षा किडे-अळ्या लागतात. फवारणीने त्याच संपतात.

त्यामुळे गॅलरीत पाण्याचं मातीचं भांडं ठेवा, लाकडी घरटं टांगा, देशी झाडं लावा, कीटकनाशकं टाळा. आणि सलीम अलींसारखं थोडं थांबून बघा. मात्र एअरगनशिवाय!