वाळवंटातला तंबू

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, फीनिक्स शहराबाहेर, मॅकडॉवेल डोंगरांच्या पायथ्याशी एक शाळा होती. १९३८च्या सुमारास घरे बांधण्याची विद्या शिकायला तिथे येणाऱ्या मुलाला वसतिगृहाची खोली मिळत नसे. मिळे तो एक कापडी तंबू. तो कुठे ठोकायचा, दार कोणत्या दिशेला ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ओहोळाच्या कोरड्या पात्रात ठोकला तर जोराच्या पावसात अंथरूण वाहून जाई. दगडांच्या कपारीशी ठोकला तर विंचू सोबतीला. दिवसा ऊन, रात्री बोचरी थंडी, आणि अंधारात वाट दाखवायला दिवा नाही. चार रात्री अशा काढल्या की मुलगा आपोआप दगड गोळा करू लागे. वाऱ्याच्या बाजूला भिंत रची, बसायला ओटा घाली, शेकोटीला जागा करी. तो गेला की त्याच्यामागून येणारा तोच निवारा आपल्या अकलेने बदलून घेई. हाच त्यांचा अभ्यास. या शाळेत परीक्षा नव्हती आणि शेवटी पदवीही नव्हती.

शाळेच्या गुरुजींकडे तरी पदवी कुठे होती? फ्रँक लॉइड राइट हे नाव आज जगातल्या कुठल्याही स्थापत्य महाविद्यालयात पहिल्या वर्षी कानावर पडते. पण हा माणूस विस्कॉन्सिन विद्यापीठात जेमतेम काही महिने बसला आणि शिक्षण सोडून १८८७ मध्ये शिकागोला पळाला.

जन्म ८ जून १८६७चा, विस्कॉन्सिनमधल्या रिचलंड सेंटर या लहानशा गावातला. वडील धर्मोपदेशक आणि संगीताचे वेडे. पैसा त्यांच्या हाती कधी टिकला नाही, आणि पुढे ते घर सोडून गेले. आई अ‍ॅना वेल्श शेतकऱ्यांच्या खटल्याच्या घरातली. १८७६च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात तिने फ्रोबेलचे लाकडी ठोकळे पाहिले आणि ते मुलासाठी घरी आणले. घन, गोल, त्रिकोण हाताळताना बोटांना जे कळले ते आपण कधी विसरलो नाही, असे राइट म्हातारपणीही सांगत. उन्हाळ्यात मामाच्या शेतावर राबणे असे. पाठ मोडेपर्यंत काम करावे आणि त्या कामातूनच जमीन ओळखावी, ही सवय तिथली.

शिकागोत लुई सलिव्हन या थोर स्थापत्यकाराकडे ते पाच-सहा वर्षे होते. मालकाच्या नकळत बाहेरची कामे घेतली म्हणून १८९३ मध्ये तिथून बाहेर पडावे लागले. मग ओक पार्क उपनगरात स्वतःची कचेरी, पत्नी कॅथरिन, सहा मुले, आणि जमिनीला बिलगून पसरणारी, लांब वळचणींची घरे. नाव झाले. १९०९ मध्ये मात्र एका अशिलाची पत्नी मेमा बॉर्थविक हिच्याबरोबर ते युरोपात निघून गेले. परतल्यावर आजोळच्या दरीत, टेकडीच्या माथ्यावर नव्हे तर कपाळावर, घर बांधले. त्याला वेल्श नाव दिले, टॅलिएसिन. १५ ऑगस्ट १९१४ रोजी राइट कामासाठी शिकागोला असताना घरातल्या एका नोकराने आग लावून, कुऱ्हाड चालवून सात जणांना मारले. त्यांत मेमा आणि तिची दोन्ही मुले होती. राइट यांनी घर पुन्हा बांधले. १९२५ मध्ये ते पुन्हा जळाले, पुन्हा बांधले.

बांधले खरे, पण कर्जावर. माझी उभी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली, त्यामुळे राइट यांच्या चरित्रातले हे प्रकरण मी जरा जास्तच रस घेऊन वाचतो. हातात पैसा आला की हा माणूस किराणावाल्याचे बिल बाजूला ठेवून जपानी चित्रे घेई. दशकाच्या उत्तरार्धात बँकेने टॅलिएसिनवर टाच आणली, जपानी चित्रांचा लिलाव झाला, राइट यांना घराबाहेर काढले. अखेर मित्रांनी आणि अशिलांनी मिळून चक्क राइट या माणसाची कंपनी काढली, तिचे भाग विकत घेतले आणि घर सोडवले. भागधारकांना त्यातून फारसे काही सुटले नाही. पाठोपाठ १९२९ची मंदी आली आणि कामेच थांबली.

अशा वेळी, १९३२ मध्ये, पासष्टाव्या वर्षी त्यांनी शाळा काढली. पत्नी ओल्गिवाना मूळची माँटेनेग्रोची, गुर्जिएफ या गुरूच्या आश्रमात राहून आलेली. एकत्र राहून, एकत्र राबून शिकायचे, ही कल्पना बरीचशी तिची. राइट यांच्या दोन मावश्यांची तिथेच एक शाळा होती. ती बंद पडून इमारत मोडकळीला आली होती. पहिल्या वर्षाची फी साडेसहाशे डॉलर, दुसऱ्या वर्षापासून अकराशे. मंदीच्या काळात ही रक्कम थोडी नव्हे. आणि फी भरून मुलांनी काय करायचे? छप्पर शाकारायचे, लाकडे फोडायची, गुरे सांभाळायची, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. उरलेल्या वेळात गुरुजींच्या नकाशांवर काम. शिवाय गाणे-बजावणे सक्तीचे म्हणावे इतके.

आता यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पैसे घेऊन फुकटचे मजूर जमवण्याची ही युक्ती, असे तेव्हाही म्हटले गेले, आणि हिशेबाच्या वहीत पाहिले तर ते खोटे नाही. अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही लाल शेरा मारला असता. पण या शाळेनेच म्हाताऱ्याला दुसरा जन्म दिला. तिथे काही महिने राहिलेल्या एका मुलाचे वडील पिट्सबर्गचे मोठे दुकानदार, एडगर कॉफमन. त्यांना जंगलातल्या धबधब्याजवळ घर हवे होते. १९३५ मध्ये राइट यांनी ते धबधब्यासमोर नव्हे, धबधब्यावरच बांधायला घेतले. आराखडा कागदावर उतरला तो काही तासांत, शिष्य भोवती पेन्सिली करून देत असताना, अशी आठवण त्यांतल्या एकाने लिहून ठेवली आहे. बांधकामावर देखरेख करायलाही शिष्यच गेले. अधांतरी सज्जे कलतील अशी इंजिनिअरांना धास्ती होती. ठेकेदाराने गुपचूप जास्तीचे लोखंड घातले, तरी ते कललेच आणि २००२ मध्ये मोठी दुरुस्ती करावी लागली. पण ‘फॉलिंगवॉटर’ने राइट पुन्हा जगाच्या नजरेत आले.

न्यूमोनियाच्या दुखण्यानंतर विस्कॉन्सिनचा हिवाळा सोसेना, म्हणून १९३७ मध्ये अ‍ॅरिझोनात जमीन घेतली. दर हिवाळ्यात मोटारींचा आणि ट्रकांचा तांडा दोन हजार मैलांवर निघे. तिथले दगड छिन्नीला दाद देत नव्हते. मग फळ्यांचे साचे उभारून दगडाची सपाट बाजू बाहेर लावायची आणि मागे ओहोळातली वाळू घालून काँक्रीट भरायचे, अशी भिंत शोधली गेली. वर लाकडी तुळया आणि पांढरे कापड. ऊन गाळून आत मऊ उजेड पडे. पाऊस मात्र गळे. या भिंती शिष्यांनी स्वतःच्या हातांनी भरल्या. वर्षातून दोनदा, नाताळात आणि गुरुजींच्या वाढदिवसाला, प्रत्येकाने स्वतःच्या मनातल्या एखाद्या वास्तूचे नकाशे पेटीत घालून नजर करायचे. राइट ते एकेक काढून पाहत आणि सर्वांदेखत बोलत. कौतुक क्वचित.

या पेट्यांमधून दुसरा राइट निघाला नाही. मला ही गोष्ट सलते. गुरूची सावली इतकी दाट की कित्येक शिष्य त्याच्यासारखीच वळचण काढत आणि त्याच्यासारखीच टोपी घालत म्हातारे झाले. ज्यांनी स्वतःचे काही केले ते बहुधा लांब जाऊन. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले नारी गांधी पन्नाशीच्या दशकात तिथे गेले, काही वर्षे राबले आणि परतल्यावर महाराष्ट्रात नकाशाविना घरे बांधत राहिले. जागेवर उभे राहायचे, गवंड्याला हाताने दाखवायचे, दगड आणि झाड पाहून भिंत वळवायची. १९९३ मध्ये ते गेले. अहमदाबादच्या गिरा साराभाईही राइट यांच्याकडे शिकल्या. पुढे भाऊ गौतम यांच्याबरोबर राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

राइट ९ एप्रिल १९५९ रोजी फीनिक्सला वारले, एक्क्याण्णवाव्या वर्षी. न्यूयॉर्कचे गुगनहाइम संग्रहालय त्याच वर्षी ऑक्टोबरात उघडले, ते त्यांना पाहता आले नाही. दफन विस्कॉन्सिनच्या दरीत झाले. १९८५ मध्ये ओल्गिवाना गेल्यावर तिच्या इच्छेनुसार थडगे उकरून अस्थी अ‍ॅरिझोनाला नेल्या. दरीतल्या लोकांना ते रुचले नाही.

शाळा मात्र चालू राहिली. पुढच्या काळात तर वाळवंटात निवारा बांधणे हाच तिथला शेवटचा प्रकल्प ठरला. २०१९ मध्ये राइट यांच्या आठ वास्तू जागतिक वारसा ठरल्या, त्यांत ही दोन्ही घरे आहेत. दुसऱ्याच वर्षी शाळा आणि राइट यांची विश्वस्त संस्था यांचे जमेनासे झाले आणि शाळेला वाळवंटातले ते आवार सोडावे लागले. ती गेली अ‍ॅरिझोनातच, आर्कोसांटीला. पाओलो सोलेरी हा इटालियन तरुण १९४७-४८ मध्ये राइट यांचा शिष्य होता, बिनसले म्हणून बाहेर पडला. त्याने १९७० मध्ये तिथे आपले नवे नगर उभारायला घेतले, आणि तेही पैसे भरून शिकायला आलेल्या मुलांनीच काँक्रीट ओतून बांधले.