मीर फत्हुल्ला शिराझी

गुलबर्गा आदिलशाहीत होते तेव्हाची ही हकीकत. पहिल्या अली आदिलशहाने इराणातील शिराझहून मीर फत्हुल्ला या पंडितास मोठ्या मानाने विजापुरास आणविले. गणित, ज्योतिष, वैद्यक, यंत्रविद्या, सर्वांत त्यांची गती. १५८० साली अलीचा खून झाला आणि दरबाराचा रंग पालटला. पुढे १५८३ मध्ये ते अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीस गेले. इलाही सनाची मांडणी त्यांचीच.

त्या काळी बंदुकीची नळी लोखंडी पत्रा तापवून, तिरका गुंडाळून, पदरावर पदर ठोकून करीत. आतली पोकळी घासून सारखी करण्यात धट्टाकट्टा माणूसही थकून जाई. पोकळी खडबडीत राहिली तर गोळी अडे. सैल झाली तर दारूचा जोर बाजूने निसटून नेम चुके. आजचा नेमबाज झाडलेल्या काडतुसाचे पितळी टरफल पुन्हा भरण्याआधी आपल्याच रायफलीच्या मापाच्या साच्यातून काढतो, त्याची काळजीही हीच. मग एक चाक निघाले. जनावराने ते फिरवावे, आणि थोडक्या वेळात सोळा नळ्या साफ व्हाव्यात!

पण चाक कोणाचे? अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त श्रेय खुद्द बादशहास देतो, नंतरच्या अभ्यासकांनी मीरसाहेबांचे नाव घेतले आहे. दरबारात वाढलेल्यांना यात नवल नाही. चीज बांधणारा एक, नाव दुसऱ्याचे, हे आम्ही घरात पाहिले आहे. माझा कौल मीरसाहेबांना.

१५८९ साली बादशहाबरोबर काश्मिरात असता ते तापाने वारले. श्रीनगरच्या तख्त-इ-सुलेमान टेकडीवर त्यांचे दफन झाले.